शिवभूतीच्या घरची माणसं

घारापुरी बेटाला पोर्तुगिजांनी एलिफंटा हे नाव दिलं ते तिथल्या एका दगडी हत्तीवरून. तो हत्ती आज बेटावर नाही. १८१४ साली त्याची मान आणि डोकं कोसळलं. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा बेत झाला, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, आणून टाकले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे. घारापुरी उरण तालुक्यात येते आणि उरण रायगड जिल्ह्यात, तेव्हा हत्ती आमच्या जिल्ह्याचा. तो पाहायला मात्र आमच्या मुलांना मुंबई गाठावी लागते.

माझी भाची पेणची. कॉलेजात इतिहास घेऊन दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजची सहल मुंबईची संग्रहालयं पाहून आली, त्यात हा हत्तीही होता. परत आल्यावर तिनं फोन केला. हत्ती आवडला, पण पाटी वाचून वाईट वाटलं, म्हणाली. मग विचारलं, ‘‘मामा, आपल्याकडे जागच्या जागी राहिलेलं काही आहे का? म्हणजे जिथं कोरलं तिथंच?’’

मी रोह्याचा. माझ्याकडे उत्तर तयार होतं. कुडाची लेणी.

दिवाळीनंतर थंडी पडली, वालाच्या शेंगा भरायला लागल्या, तेव्हा एका रविवारी ती सकाळच्या दिवा–रोहा गाडीनं आली. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. या गाडीला खिडकीची जागा मिळाली तर अर्धं प्राचीन कोकण डोळ्यांपुढून जातं, फक्त ते ओळखणारं कुणी शेजारी हवं. नागोठण्याचा जुना दगडी पूल चौलच्या काजी अलाउद्दीननं सोळाव्या शतकात बांधल्याचं जुनं गॅझेटिअर सांगतं. चौलचा काजी इथं पूल का बांधेल, हा प्रश्न विचारला की नकाशा उलगडायला लागतो. नागोठण्यापर्यंत खाडीतून गलबतं येत. तिथून माल बैलांच्या पाठीवर घाटाकडे जाई. रोह्याचंही तेच. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आणि चौल, आत भरतीच्या पाण्यावर रोहा-अष्टमी, पुढे घाटवाटा. रोहा म्हटलं की लोकांना चिंतामणराव देशमुख आठवतात, धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांनी दिलेली मानवंदना आठवते, आता धाटावचे कारखाने आठवतात. हे गाव बंदराच्या पाठीमागचं गाव होतं, ही गोष्ट विसरली गेली आहे. कुडा समजून घ्यायचं तर ती आधी आठवावी लागते.

रोह्याहून तळ्याची एसटी धरली. घोसाळ्याचा किल्ला एका अंगाला येतो, मग चढ-उतार आणि वळणं सुरू होतात. तळा हे तळगडाच्या कुशीतलं डोंगरगाव. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजीमहाराजांनी जे बारा किल्ले आपल्याकडे राखले त्यांत तळा आणि घोसाळा हे दोन्ही होते. एवढ्या एका गोष्टीवरून या मुलखाचं मोल कळतं: खाली राजपुरीची खाडी, खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्याचा सिद्दी, आणि या डोंगरांवरून त्या पाण्यावर नजर. गडावर जायचा मोह भाचीला झाला होता. मी नको म्हटलं. एका दिवसात दोन्ही करायला गेलं की दोन्ही अर्धवट होतं. तळ्यात चहा-वडापाव घेतला, एक मिनीडोर ठरवली आणि कुडे गावाकडे निघालो.

गावामागच्या टेकडीवर लेणी आहेत. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटिअरनं सव्वीस लेणी आणि पाण्याच्या अकरा पोढ्या (खडकात खोदलेली टाकी) मोजल्या. लेणी एकावर एक अशा दोन रांगांत आहेत. समोर राजपुरी खाडीचा फाटा, कडेनं खारफुटीची हिरवी किनार, पलीकडे डोंगर. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची निळी पाटी आहे, संरक्षित स्मारक असल्याचं सांगणारी. कुणी काय कोरलं, कुणी खर्च केला, याबद्दल त्या पाटीवर काही नाही. आणि कुडाची खरी श्रीमंती तर तीच आहे.

अजिंठ्यात रंग आहे, कार्ल्यात भव्यता आहे. कुडाची बहुतेक लेणी साधी आहेत. एक ओसरी, आत खोली, भिंतीला लागून दगडी ओटा. काही ठिकाणी आतल्या गाभ्यात स्तूप. घाईनं फिरणारा माणूस अर्ध्या तासात खाली उतरतो आणि ‘‘विशेष काही नाही’’ म्हणतो. पण इथल्या ओसऱ्यांच्या भिंतींवर दोन डझनांच्या आसपास ब्राह्मी लेख आहेत. त्यातले बरेचसे इसवी सनाच्या आगेमागेच्या शतकांतले, काही पाचव्या-सहाव्या शतकातले. ते वाचले की रिकाम्या खोल्यांत माणसं येऊन बसतात.

भाचीनं ब्राह्मी अक्षरांचा तक्ता वहीत उतरवून आणला होता. अधिकच्या चिन्हासारखा क तिला लगेच सापडला, ‘मामा, क!’ म्हणून ती ओरडली. पुढची अक्षरं मात्र हट्टी निघाली. दोन हजार पावसाळ्यांनी दगडाची साल गेली आहे. समोरून पाहिलं तर भिंत कोरी वाटते. मी मोबाइलची बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकला, तशा खाचांच्या कडा सावली धरू लागल्या आणि ओळ उभी राहिली. ती गुडघ्यांवर बसून एकेक अक्षर वहीत काढत होती. एक भेग तिनं आधी काना म्हणून काढली, मग बोट जवळ नेऊन, न लावता, नीट पाहिलं आणि खोडली. छिन्नीची खाच दोन्ही कडांनी सारखी उतरते, भेग तशी उतरत नाही, हे तिनं मला समजावून सांगितलं. मी कुडाला पुष्कळदा आलो आहे, मला हे कधी सुचलं नव्हतं. तिला सुचलं, कारण तिच्या घरी गणपतीचा कारखाना आहे. साच्याची रेघ कुठली, हातानं ओढलेली कुठली आणि माती वाळताना पडलेली चीर कुठली, हे पेणच्या कारखान्यात वाढलेल्या मुलीला सांगावं लागत नाही.

हे लेख पहिल्यांदा पद्धतशीर वाचले ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. पश्चिम भारतातल्या लेण्यांतल्या लेखांचं त्यांचं आणि जेम्स बर्जेसचं पुस्तक १८८१ साली निघालं, त्यात कुडाचे लेख आहेत. भगवानलाल जुनागढचे. ते मुंबईला आले डॉ. भाऊ दाजींच्या हाताखाली काम करायला. भाऊ दाजी पेशानं डॉक्टर, आणि रोगी तपासून उरलेला सगळा वेळ शिलालेख, ताम्रपट, नाणी यांत. भायखळ्यातल्या ज्या संग्रहालयाच्या आवारात आमचा हत्ती उभा आहे, त्याला त्यांचंच नाव आहे. भाचीनं मुंबईत पाटीवर वाचलेलं नाव असं कुडाच्या भिंतीपर्यंत येऊन पोचलं, तेव्हा तिचा चेहरा खुलला. पुस्तकातली नावं एकमेकांची ओळख सांगायला लागली की अभ्यास सुरू होतो.

आता लेखांतली माणसं.

या भागावर मांदव घराण्याचे महाभोज राज्य करत होते. त्यांच्यातला एक महाभोज मांदव खंदपालित. त्याच्या पदरी शिवभूती नावाचा लेखक होता. लेखक म्हणजे कारकून, दफ्तर सांभाळणारा. बापाचं नाव सुलसदत, आईचं उतरदता. या शिवभूतीनं लेणं कोरवलं. सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात त्याच्या धाकट्या भावाचा, शिवमाचा, लेख आहे. दगडातलं शिल्पकाम शिवमाचं दान. सोबत बायको विजया आणि मुलगे, नावानिशी. आणि खांब? खांब दिले ते त्याच्या मुलींनी. त्यांचीही नावं वेगळी कोरली आहेत.

इथं भाची थांबली. वहीत तिनं त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

मला तिचं कारण ठाऊक होतं. पेणच्या गल्ल्यांमधून फिरा, कारखान्यांच्या पाट्या वाचा. अमुक कला केंद्र, तमुक बंधू, बापाचं नाव, आजोबांचं नाव. आत जाऊन पाहा, शाडू मळणं, साच्यातून निघालेल्या मूर्तीची जोडणी, घासकाम, सोनेरी रंगाच्या बारीक कडा, यात बायका आणि मुली सकाळपासून रात्रीपर्यंत असतात. पेणच्या मूर्ती समुद्रापलीकडे जातात त्या श्रावणाच्या कितीतरी आधी निघतात, तेव्हा परीक्षेचे दिवस असले तरी घरच्या मुलींना हात लावावा लागतो. माझ्या बहिणीच्या हातची डोळ्यांची आखणी पाहायला गिऱ्हाईक थांबतं. पाटीवर तिचं नाव नाही. कुणी मुद्दाम वगळलं असं नाही, घालायचं असतं हे सुचलंच नाही. आणि इथे दोन हजार वर्षांपूर्वी एका कारकुनाच्या भावाला सुचलं की खांबांचे पैसे मुलींनी दिले तर खांबांवर त्यांचं नाव पाहिजे.

सहावं लेणं कुडातलं सर्वांत देखणं. बाहेर हत्ती आहेत, झिजलेले, तुटलेले, पण जिथं कोरले तिथंच. आत मागच्या भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या मोठ्या जोड्या आहेत. भाची त्या जोड्यांपुढे बराच वेळ उभी होती. तिनं चेहऱ्यांआधी पाय पाहिले. वजन कुठल्या पायावर आहे ते, मग कंबरेचा बाक, मग खांदा. ‘‘पाय चुकला की मूर्ती पडल्यासारखी दिसते, मग वर कितीही रंगवा,’’ असं तिचे वडील म्हणतात. इथे पाय चुकलेला नाही, असा तिचा निकाल. नंतरच्या काळात इथं बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या, काहींखाली शाक्यभिक्षूंनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. म्हणजे पहिल्या माणसांनंतर चार-पाचशे वर्षांनीही ही जागा वापरात होती. कोकणातल्या पावसात चारशे वर्षं जागा वापरात ठेवणं ही सोपी गोष्ट नाही. पोढ्या साफ ठेवाव्या लागतात, पन्हळी मोकळ्या ठेवाव्या लागतात, कुणीतरी जेवणाचं पाहावं लागतं.

ते कोण पाहत होतं, हेही भिंतींवर आहे. एक वैद्य आहे, सोमदेव. त्याचा बापही वैद्य. लेखात त्यानं मुलांची आणि मुलींची सगळी नावं घातली आहेत. एक माळी आहे. श्रेष्ठी आहेत, सार्थवाह आहेत, म्हणजे बैलांचे तांडे घेऊन घाट चढणारे व्यापारी. आयितिलू नावाच्या ब्राह्मणाची बायको भयिला, तिनं चैत्यगृह दिलं. धर्मांच्या सीमा तेव्हा कशा होत्या, यावर वर्गात जे तास-तासभर बोललं जातं, त्याचं एक उत्तर या एका ओळीत आहे.

आणि महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी आहे, तो कऱ्हाडचा. कऱ्हाड! सह्याद्रीच्या पलीकडचं, कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं. तिथला माणूस या खाडीकाठी येऊन लेणं का देतो? कारण लोखंड घाटावरून इथं उतरत होतं, असं मला वाटतं. इथून जवळच मांदाड गाव आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणच्या खालच्या बंदरांची यादी येते. त्यात सेमुल्ला म्हणजे चौल, आणि त्याच्या पुढचं मंदगोरा. हे मंदगोरा म्हणजे मांदाड, असं काही अभ्यासक मानतात. मांदव महाभोज, मांदाड गाव आणि मंदगोरा बंदर ही नावं शेजारी ठेवली की मला ते पटतं. समोरच्या ज्या पाण्यात आता मासेमारीच्या चार होड्या दिसतात, तिथं भरतीबरोबर व्यापारी गलबतं चढत असणार. व्यापाऱ्याला रस्त्यावर मुक्काम लागतो, भिक्खूंना पावसाळ्यात छप्पर लागतं. दोघांची गरज एका टेकडीवर भागली.

माझा जीव जडला आहे तो आणखी एका लेखावर. पदुमणिका नावाच्या भिक्खुणीनं लेणं आणि पोढी दिली. तिनं आपली ओळख कशी सांगितली आहे पाहा. नागनिका या प्रव्रजितेची मुलगी, पतिमित आणि अगिमित या दोन स्थविरांची भाची, आणि सोबत बोधी व असाळ्हमिता या आपल्या शिष्या. घर सोडलेली बाई. तरी आई सांगते, मामा सांगते, हाताखाली शिकलेल्या मुली सांगते. मी हे वाचून दाखवलं तेव्हा माझी भाची हसली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे मामाशिवाय तेव्हाही चालत नव्हतं!’’

त्या पोढीच्या काठावर बसून आम्ही भाकरी, वालाची उसळ आणि पेणहून आलेले तळलेले मिरगुंड खाल्ले. प्लास्टिकच्या बाटल्या पाण्यावर तरंगत होत्या. हाताला लागल्या तेवढ्या काढून पिशवीत घातल्या. ज्या टाक्यासाठी एका बाईनं आपली पुंजी दिली आणि सगळ्या गोतावळ्याचं नाव लिहिलं, त्यात बाटली टाकणाऱ्याला ते नाव माहीत नसतं. माहीत असतं तर त्यानं टाकली नसती, असं मी आजही मानतो.

म्हणून सांगतो, रायगडातल्या मुलाला पुरातत्त्व शिकवायचं तर पहिली सहल कुडाला न्या. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मोठं आहे, तिथं जावंच. २०१५ पासून त्यांची बस वस्तू घेऊन शाळाशाळांत फिरते, हे काम तर फारच मोलाचं. पण काचेमागची वस्तू कितीही सुंदर असली तरी तिच्याभोवतीची खाडी, वाट, भरतीची वेळ आणि शेजारचं गाव तिथं येत नाही. चौलला पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. तिथल्या खापरांचा आणि नाण्यांचा अभ्यास पुण्यातच होणार हे बरोबर. पण त्यातली थोडी खापरं, चांगली छायाचित्रं आणि लेखांचे ठसे रोह्यात किंवा तळ्यात दोन खोल्यांत मांडता आले, तर कुडाला निघालेला विद्यार्थी अर्धी तयारी करून टेकडी चढेल. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख, शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ चा म्हणून वाचला गेलेला, शिलाहार राजा केसीदेवाचं नाव असलेला, आद्य मराठी लेखांच्या चर्चेत ज्याचं नाव पहिल्या ओळीत येतं, तो किती वर्षं रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस खात होता. जागेवर ठेवणं आणि वाऱ्यावर सोडणं यांत फरक आहे. जागेवर ठेवायचं तर छप्पर हवं, मराठीत नीट पाटी हवी, आणि गावच्या शाळेला ते आपलं वाटायला हवं.

उन्हं उतरायला लागली तशी आम्ही खालच्या रांगेतून परत निघालो. एका भिंतीवर छिन्नीचे तिरपे घाव स्पष्ट दिसत होते, सगळे एकाच दिशेला झुकलेले. उजव्या हाताचा माणूस, भाची म्हणाली. मग तिनं दिवसभरातला सर्वांत अवघड प्रश्न विचारला. ‘‘पैसे देणाऱ्यांची नावं आहेत, त्यांच्या मुलांबाळांची आहेत. कोरणाऱ्याचं कुठंय?’’

कुडात ते नाही. शिवमाच्या लेखात शिल्पकामाचा उल्लेख आहे, पण दान म्हणून. ज्याच्या हातून जोड्यांचे पाय असे बिनचूक उतरले, तो कोण हे दगड सांगत नाही. पण हे उत्तर तिला द्यायला मला जीवावर आलं नाही, कारण आमच्याच जिल्ह्यात ते नाव दुसरीकडे आहे. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका मोठ्या मूर्तीचं उरलेलं डोकं आहे आणि त्याच्या शेजारी ब्राह्मीत एक ओळ: कण्हाचा शिष्य बलक, त्यानं हे केलं. आधी उस्तादाचं नाव, मग आपलं. दात्याचा पत्ता नाही.

भाचीनं बलकाचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. परतीच्या गाडीत तिच्याशी बोलणं झालं ते पुढच्या कामाचंच. कुडाचे लेख लेण्यांच्या क्रमानं, सोप्या मराठीत, दात्याचं नाव, गाव आणि धंदा अशा रीतीनं चार पानांत मांडायचे. भगवानलालांच्या वाचनाशी ताडून पाहायचे, जिथं पुढच्या अभ्यासकांनी वाचन बदललं तिथं तसं लिहायचं, आपल्या प्राध्यापकांकडून तपासून घ्यायचं आणि प्रती कुडे गावच्या शाळेत नेऊन द्यायच्या. ते काम तिनं उन्हाळ्याच्या सुट्टीत, कारखान्यातली गडबड सांभाळून, पुरं केलं. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. तिसऱ्या पानावर शिवमाच्या मुलींची नावं मोठ्या अक्षरांत आहेत.

कोंडाणे कर्जत तालुक्यातलं, या कागदांत त्याला जागा नव्हती, तरी शेवटी तिनं बलकाची ओळ घातली आहे. मी विचारलं तर म्हणाली, ही एक प्रत पेणला लावायची आहे, कारखान्यात, आईच्या आखणीच्या पाटाजवळ. आता पाऊस सरला की कोंडाण्याला जायचं ठरलं आहे. पेणहून पनवेल, पनवेलहून कर्जत अशी गाडी मिळते. या खेपेला तिची आईही येणार आहे.